शेवटचा कामगारमंत्री

फुंक्याला कामगार खातं मिळालं त्या दिवशी बायकोने त्याला विचारलं होतं, "या खात्यात करायचं काय असतं?"

"कामगारांनी शिव्या दिल्या की त्या खायच्या, आणि मालकांनी जेवायला बोलावलं की जायचं नाही," तो म्हणाला. "एवढं सांभाळलं की झालं."

बायको हसली नाही. लग्न झाल्यापासून ती त्याच्या सभा, संप, तुरुंगवाऱ्या आणि रिकामे डबे बघत आली होती. ती एवढंच म्हणाली, "पहिलं जमेल तुम्हाला. दुसऱ्याचं बघू."

फुंक्या हे त्याचं कारखान्यातलं नाव. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तो तरुणपणी फुंकणीवर होता. लांब लोखंडी नळीच्या टोकाला भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा उचलायचा, नळी सतत फिरवत ठेवायची आणि दुसऱ्या टोकाने फुंकून त्या गोळ्याची बाटली करायची. वर्षानुवर्षं हे काम केलं की गालांची कातडी सैल पडते. त्याचे गाल तसेच लोंबलेले होते. वर्तमानपत्रातले व्यंगचित्रकार त्यावर खूश असत, कारण दोन पिशव्या काढल्या की खाली नाव लिहायची गरज उरत नसे. पुढे यंत्रं आली, फुंकणारे घरी बसले, त्यांच्यासाठी फुंक्या भांडला, भांडता भांडता संघटनेचा पुढारी झाला, आणि निवडून येत येत एक दिवस थेट मंत्रिमंडळात जाऊन बसला. फुंक्या हे नाव मात्र कारखान्याच्या फाटकातून त्याच्याबरोबर बाहेर आलं ते आलंच. तोंडावर त्याला सगळे साहेब म्हणत, पाठीमागे फुंक्या. त्याला ते माहीत होतं आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

सरकारी इमारतीत या खात्याची किंमत काय, हे शिपायांनाही ठाऊक होतं. ज्याला मंत्रिमंडळाबाहेर ठेवणं परवडत नाही आणि ज्याच्या हाती तिजोरी किंवा पोलीस द्यायचा धीर होत नाही, त्याच्या गळ्यात कामगार खातं बांधायचं, असा तिथला रिवाज. पण पूर्वी तसं नव्हतं. फुंक्या पाहुण्यांना आपल्या दालनाबाहेरच्या बोळात घेऊन जाई आणि भिंतीवर ओळीने लावलेल्या जुन्या मंत्र्यांच्या तसबिरी दाखवत हे सांगे. सांगताना त्याचा आवाज जरा चढे.

पहिली तसबीर एका वकिलाची होती. बंदरावरच्या हमालांनी संप केला होता, जहाजांच्या पोटात धान्य कुजायला लागलं होतं, आणि हमालांच्या जागी आणलेल्या सैनिकांना पोती उचलता येईनात. अर्धे कंबर धरून बसले. तेव्हा कुठे सरकारच्या डोक्यात प्रकाश पडला की या लोकांशी बोलायला आपल्यात कुणीतरी हवं. अशी ही खुर्ची जन्माला आली. वकीलसाहेबांनी उभ्या जन्मात पोतं उचललं नव्हतं, पण कामाचे तास आठावर आणले ते त्यांनीच.

दुसरी तसबीर खाणीतल्या एका मुकादमाची. तो मंत्री असताना खाणकामगारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोळीबार बरोबर होता असं मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठरत असताना हा उठला, राजीनामा दिला आणि सरकारी गाडी नाकारून पायी घरी गेला. तिसरी तसबीर एका मास्तरीणबाईंची. बाळंतपणाची भरपगारी रजा त्यांनी आणली. सभागृहात एकाने खवचटपणे विचारलं होतं, ही रजा पुरुषांनाही मिळणार का. बाई म्हणाल्या, "मुलं झाली तर जरूर."

इथपर्यंत सांगून झालं की फुंक्या पावलांचा वेग वाढवी. पुढच्या तसबिरी लहान होत गेल्या होत्या, आणि माणसंही. कुणाकडे कामगार खात्याबरोबर मासेमारी होती, कुणाकडे क्रीडा. एक तर असा होता की तो या मजल्यावर कधी फिरकलाच नाही. शिपाई त्याची खुर्ची रोज पुसत आणि रोज ती तशीच असे.

"आणि मग मी," फुंक्या म्हणे, आणि चहा मागवी.

आग लागली ती शहराच्या टोकाला असलेल्या एका मोठ्या गोदामात. घरोघरी पोचवायची पार्सलं तिथे बांधली जात. आतून वस्तू चोरीला जातात म्हणून मालकाने मागच्या दालनाला बाहेरून कडी घालायची पद्धत ठेवली होती. कडी काढणारा पहारेकरी धुराला घाबरून पळाला. आतली माणसं दारापाशी सापडली, एकमेकांवर.

फुंक्या सकाळीच तिथे गेला. पत्र्याची भिंत उष्णतेने पापडासारखी वर आली होती आणि ओल्या राखेचा वास घशात बसत होता. भट्टीसमोर निम्मं आयुष्य काढलेल्या त्या माणसाला आगीची भीती नव्हती, पण त्या दारापाशी तो थांबला. दाराच्या आतल्या बाजूला हातांचे ठसे होते. काजळीतून पुसले गेलेले.

रस्त्याच्या कडेला एक बाई मांडीवर जेवणाचे दोन डबे घेऊन बसली होती. ती तिथेच पॅकिंगला होती, पण पुढच्या दालनात. तिची थोरली बहीण मागच्या दालनात होती. फुंक्या तिच्याशेजारी खाली बसला तेव्हा कॅमेरेवाले धावले. त्याने हाताने त्यांना मागे सारलं.

"तुम्ही मंत्री ना?" बाईने विचारलं.

"हो."

"दार बाहेरून बंद होतं. आम्ही चोर आहोत म्हणून." तिने डबे सारखे केले. "ताई माझा डबा घेऊन गेली होती आत, चुकून. तो मिळाला. तिचा माझ्याकडेच होता."

फुंक्या त्या डब्यांकडे बघत म्हणाला, "असं दार पुन्हा कुठे राहणार नाही. एवढं मी करतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा दाराकडे.

त्याने कामाला हात घातला. त्याला नियमात दोनच गोष्टी हव्या होत्या. जिथे माणसं काम करतात तिथलं प्रत्येक दार आतून उघडलं पाहिजे, आणि ते उघडतं की नाही हे बघायला सरकारी निरीक्षकाला कुठल्याही वेळी, न सांगता आत जाता आलं पाहिजे. खात्याच्या सचिवबाईंनी मसुदा करून दिला. सचिवबाई मोजकं बोलणाऱ्या. असे किती मसुदे मंत्रिमंडळाच्या दारात अडले ते त्यांनी बघितलं होतं. हाही अडला. एका बैठकीत वेळ नव्हता, दुसऱ्या बैठकीत उद्योगमंत्री परदेशी होते, तिसऱ्या बैठकीत तो विषयच नव्हता. गोदामाची बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून आत गेली आणि मग दिसेनाशी झाली.

मग पंतप्रधानांनी त्याला एकट्याला बोलावलं.

पंतप्रधान त्याच्यापेक्षा बरेच तरुण होते आणि त्याला काका म्हणत. खोलीत पडदे अर्धे ओढलेले होते. टेबलावर काही नव्हतं, पाण्याचा पेला सोडला तर.

"काका, मी सरळच बोलतो," पंतप्रधान म्हणाले. "कामगार खातं आपण उद्योग खात्यात मिळवतोय. उद्योग आणि रोजगार, असं एकच मोठं खातं."

"म्हणजे बंद करताय."

"बंद कुठे? मोठं होतंय उलट."

"नदी समुद्राला मिळाली की मोठी होते, तसं," फुंक्या म्हणाला.

पंतप्रधान हसले. त्यांना हसणं चांगलं जमे. "विधेयक तुम्ही मांडावं अशी माझी इच्छा आहे. तुम्ही मांडलंत तर संघटना रस्त्यावर येणार नाहीत. आणि तुमचा तो दारांचा नियम, तो त्याच विधेयकात घालू. एका झटक्यात मंजूर होईल."

फुंक्याने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "दोन्ही गोष्टी? दारही आणि निरीक्षकही?"

"दोन्ही. माझा शब्द."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर दुसरं कुणी मांडेल, काका," पंतप्रधान अगदी मऊ आवाजात म्हणाले. "पण मग त्यात दारं असतील की नाही, ते मी कसं सांगू?"

तिथून तो थेट संघटनेच्या कचेरीत गेला. एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या म्हणजे कचेरी. खाली यंत्र सुरू झालं की वरची लाकडी जमीन थरथरे आणि कपबशा वाजत. तिथे पैलवान बसलेला होता. पैलवान म्हणजे वाऱ्याने उडेल असा काटकुळा माणूस. कारखान्यात तो भट्टीत कोळसा टाकायचा. फुंक्याने संप पुकारावा आणि पैलवानाने तो टिकवावा, असं त्या दोघांचं आयुष्यभर चाललं होतं. एकाच खटल्यात दोघे तुरुंगात गेले होते आणि एका कोठडीत एकमेकांचं घोरणं ऐकत राहिले होते.

फुंक्याने सगळं सांगितलं. पैलवान ऐकत होता आणि बोटाने टेबलावरचा शाईचा डाग खरवडत होता.

"राजीनामा दे," तो म्हणाला.

"दिला तर नियम गेला."

"जाऊ दे. मुकादमाने दिला होता. त्याची तसबीर दाखवतोस ना लोकांना?"

"मुकादमाने राजीनामा दिला आणि पायी घरी गेला," फुंक्या म्हणाला. "मग काय झालं, ते मी कुणाला सांगत नाही. दुसरा मंत्री आला. गोळीबाराची चौकशी झाली नाही. खाणीतले लोक तसेच मेले. मुकादमाचं नाव राहिलं, एवढंच."

"नाव राहणं म्हणजे काहीच नाही?"

"मेलेल्यांना नाही."

पैलवानाने मान वर केली. "तू त्या खुर्चीत नसशील एक दिवस. पण खुर्ची असली की कुणीतरी शहाणा कधीतरी येऊन बसतो तिच्यात. मास्तरीणबाई आल्या तशा. खुर्चीच मोडलीस तर कोण येणार? आणि कुठे बसणार?"

"मी त्या दारावरचे हात बघितलेत," फुंक्या म्हणाला.

"मी पण बघितलेत. दुसऱ्या दिवशी गेलो होतो." पैलवानाचा आवाज खाली गेला. "ते हात पंतप्रधानांनी तुझ्याच गळ्याभोवती आवळलेत, आणि तुला कळत नाहीये."

खाली यंत्र सुरू झालं. बोलणं ऐकू येईना. फुंक्या जिना उतरून गेला.

बायकोला त्याने जेवताना सांगितलं. ती त्याच्या ताटात वाढत राहिली. शेवटी म्हणाली, "अहो, तुम्ही ठरवून आलाय. मला कशाला विचारताय?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्हाला झोप लागणार नाही. हे केलंत तरी, नाही केलंत तरी." तिने त्याचा पेला भरला. "मग ज्याने कुणाचं तरी भलं होईल ते करा."

विधेयक मांडायच्या दिवशी सकाळी सचिवबाई त्याच्या दालनात आल्या आणि उभ्याच राहिल्या. त्या एरवी बसत.

"छापील प्रत आली, साहेब. निरीक्षकांच्या कलमात दोन शब्द वाढलेत."

"कुठले?"

"पूर्वसूचना देऊन."

फुंक्याने चष्मा काढला. निरीक्षकाने कुठल्याही वेळी पूर्वसूचना देऊन आत जावं. म्हणजे मालकाला आधी कळवायचं, मालकाने दारं उघडून, फरशी पुसून, फुलदाणी ठेवून वाट बघायची, आणि निरीक्षकाने चहा पिऊन परत यायचं. त्याच्या तोंडाला पानं पुसली होती, आणि तीही छापून.

तो सभागृहाच्या मागच्या बोळात पंतप्रधानांना गाठायला धावला. पंतप्रधान चार माणसांच्या घोळक्यात होते. त्याला बघून बाजूला आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, उद्योगवाल्यांचंही थोडं ऐकावं लागतं. दारं आहेत ना त्यात? दारं मी जाऊ दिली नाहीत."

"तुम्ही शब्द दिला होता."

"निम्मा पाळला," पंतप्रधान म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच थोडी खंत होती, आणि फुंक्याला त्याचाच जास्त राग आला. "इथे निम्मा पाळणारे तरी किती आहेत, सांगा."

घंटा वाजली. आत जायची वेळ झाली. जागेवर बसेपर्यंत फुंक्याच्या मनात दोन माणसं भांडत होती. उठायचं आणि सांगायचं, हे विधेयक मी मांडत नाही. सभागृह हादरेल, उद्या त्याचं नाव सगळीकडे होईल, पैलवान त्याला मिठी मारेल. आणि मग दुसरं कुणीतरी परवा तेच विधेयक मांडेल, दारांशिवाय. त्याने वर प्रेक्षकांच्या सज्जाकडे पाहिलं. पहिल्या रांगेत पैलवान बसला होता, इस्त्री केलेला सदरा घालून. फुंक्या अजूनही काहीतरी करील, या आशेने तो आला होता हे त्या सदऱ्यावरून दिसत होतं.

अध्यक्षांनी कामगारमंत्र्यांना पुकारलं. फुंक्या उठला आणि त्याने विधेयक मांडलं.

तो काय बोलला ते त्याला नंतर आठवेना. आपण नेहमीपेक्षा हळू बोलत होतो आणि सभागृहात कधी नव्हे ती शांतता होती, एवढंच लक्षात राहिलं. बोलून खाली बसताना त्याने वर पाहिलं तर पैलवानाची जागा रिकामी होती. मतदान झालं. हात वर झाले, बाकं वाजली, आणि त्या संध्याकाळपासून देशात कामगारमंत्री हे पद उरलं नाही. उद्योगमंत्र्यांनी येऊन त्याचा हात दाबला आणि सांगितलं की भाषण फार संयमी झालं.

संघटनेने दुसऱ्याच आठवड्यात त्याला काढून टाकलं. ठराव पैलवानाने मांडला नाही, पण विरोधही केला नाही. फुंक्या त्याला भेटायला दोनदा छापखान्याच्या जिन्यापर्यंत गेला. पैलवान वर असून नाही म्हणून सांगितलं गेलं. तिसऱ्यांदा तो गेला नाही. पुढच्या निवडणुकीत पक्षाने त्याला उभं केलं नाही, आणि त्यानेही मागितलं नाही.

घरात त्याला करमेना. बायकोच्या कामात तो लुडबुड करी, कपाटं आवरून ठेवी, आणि मग तिला काही सापडत नसे.

"तुमच्यापेक्षा संप बरा होता," ती म्हणे. "निदान तुम्ही बाहेर तरी असायचात."

तो ओशाळून हसे. पण ती दुपारी झोपली की खिडकीशी बसून तो वर्तमानपत्रातल्या लहान बातम्या वाचे. गोदामं, कारखाने, अपघात. कुठे आग लागून माणसं दाराने बाहेर पडून वाचली, असं कुठे येतंय का ते तो बघत असे. तशी बातमी कधी येत नाही. माणसं वाचली की ती बातमीच होत नाही.

एका दुपारी दारात ती पॅकिंगवाली उभी राहिली. पहिल्यांदा त्याने तिला ओळखलंच नाही. ती बारीक झाली होती आणि तिच्या हातात डबे नव्हते.

बायकोने तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"आता कुठे असता?" फुंक्याने विचारलं.

"दुसऱ्या गोदामात होते. तेच काम."

"दारं?" त्याने विचारलं. विचारताना त्याला आपल्या आवाजाची लाज वाटली. त्यात अजून आशा होती.

"आहेत की. आतून उघडतात." ती थांबली. "पण दाराला भोंगा बसवलाय, साहेब. उघडलं की सगळ्या गोदामात ओरडतो. मग सुपरवायझर येऊन बघतो, आग आहे का. आग नसली तर ज्याने उघडलं त्याला दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणतात. मागच्या महिन्यात एका खोक्यातून काहीतरी सांडलं, डोळे झोंबायला लागले, श्वास घेता येईना. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. कोणी हात लावेना दाराला."

"मग?"

"मी लावला."

फुंक्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली नाही.

"आग नव्हतीच तशी," पॅकिंगवाली म्हणाली. "नुसता वास होता. म्हणून काढलं मला. मला वाटलं, तुमच्या खात्यात जाऊन सांगावं. तर तिथे म्हणतात, असं खातं नाही."

दुसऱ्या दिवशी फुंक्याने कोट घातला आणि तिला घेऊन त्या इमारतीत गेला. पाटीवर आता उद्योग आणि रोजगार असं होतं. जिथे पूर्वी तक्रारी घेऊन येणारे लोक बाकांवर बसत, तिथे काचेच्या छोट्या खोल्या झाल्या होत्या आणि त्यात परदेशी पाहुणे बसले होते. सचिवबाई निवृत्त झाल्या होत्या. एक तरुण अधिकारी त्यांना घेऊन बसला. माणूस सज्जन होता. त्याने चहा मागवला, सगळं नीट ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

"दार उघडतं का?" त्याने विचारलं.

"उघडतं," पॅकिंगवाली म्हणाली.

"मग नियम मोडला असं म्हणता येत नाही, ताई. आणि नोकरीवरून काढल्याची तक्रार घ्यायला आमच्याकडे सध्या टेबलच नाही. आम्ही रोजगार निर्माण करणाऱ्यांना मदत करतो." तो फुंक्याकडे वळला. "साहेब, तुम्हाला तर माहीतच आहे. हे विधेयक तुमचंच."

त्यात टोमणा नव्हता. म्हणून ते जास्त लागलं.

बाहेर पडल्यावर दोघे बसच्या थांब्यावर उभे राहिले. पॅकिंगवालीने आपल्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका, काका," ती म्हणाली. साहेबाचे काका कधी झाले ते त्याला कळलं नाही. "मला एका धोबीघरात काम मिळतंय. वाफ असते फार, पण दारं उघडीच ठेवतात. नाहीतर जीव गुदमरतो."

"तू उघडलंस ते बरोबर केलंस," तो म्हणाला.

"मी विचार नाही केला. ताई दिसली, एवढंच." बस आली आणि ती चढून गेली.

त्यानंतर फुंक्या रोज संध्याकाळी, तिला जिथून काढलं त्या गोदामाच्या फाटकाबाहेर जाऊन उभा राहू लागला. पाळी सुटायच्या वेळी. त्याच्याकडे झेंडा नव्हता, पत्रकं नव्हती, मागे कुठली संघटना नव्हती. बाहेर पडणाऱ्याला तो थांबवी आणि सांगे की भोंग्याची भीती बाळगू नका, दार उघडण्याचा तुम्हाला हक्क आहे, कायद्यात आहे. बहुतेकांच्या कानात गाणी चालू असत. ते त्याच्या हलणाऱ्या गालांकडे बघत पुढे जात. काही थांबत आणि विचारत, "आणि काढलं तर कुठे जायचं?" पूर्वी तो त्यांना एका इमारतीचा मजला सांगू शकला असता.

पहारेकऱ्याने पहिल्या दिवशी त्याला हाकललं, दुसऱ्या दिवशी नाव विचारलं. नावाने त्याला काही बोध झाला नाही. "कोण तुम्ही? पूर्वी इथे होता का?" त्याने विचारलं. फुंक्या म्हणाला, "नाही, बाटल्यांच्या कारखान्यात." मग पहारेकऱ्याने त्याला रस्त्याच्या पलीकडे उभं राहायला सांगितलं, आणि तो तसा राहिला.

थंडी वाढली. काच फुंकणाऱ्यांची फुप्फुसं मुळातच कामातून गेलेली असतात. तो खोकत घरी येई. बायको पाणी गरम करून ठेवी. एकदा तिने विचारलं, "किती लोकांनी ऐकलं आज?"

"एकीने," तो म्हणाला. "तीही घाईत होती."

"उद्या मफलर घेऊन जा," बायको म्हणाली.

दिवस कधीच मावळला होता आणि पाळी सुटायला अजून वेळ होता, अशा एका संध्याकाळी रस्त्याच्या कोपऱ्यावर एक काटकुळी आकृती येऊन उभी राहिली. फुंक्याने चालीवरून ओळखलं. पैलवान. तो जवळ आला नाही. दिव्याच्या खांबाला टेकून, हात बगलेत घालून उभा राहिला. तो बघायला आला होता की हसायला, हे कळायला मार्ग नव्हता. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, फाटक उघडलं, माणसं बाहेर पडू लागली. फुंक्या पुढे झाला आणि नेहमीसारखं बोलायला लागला. बोलताना खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. माणसं त्याला वळसा घालून जात राहिली. एक बाई थांबली, तिने पाण्याची बाटली पुढे केली, आणि तिची बस आली म्हणून बाटली त्याच्या हातातच सोडून पळाली.

गर्दी ओसरली. पहारेकऱ्याने फाटक ओढून घेतलं. पैलवान खांबापासून निघाला आणि रस्ता ओलांडून त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. छापखान्यावरच्या त्या भेटीपासून ते दोघे इतक्या जवळ आले नव्हते. पैलवान खूप म्हातारा दिसत होता. फुंक्याला वाटलं, आपणही दिसत असू.

"मी तुला माफ केलेलं नाही," पैलवान म्हणाला.

"मी माफी मागितली नाही."

आतल्या दालनांमधले दिवे तसेच चालू होते. दुसरी पाळी कामाला लागली होती आणि फिरत्या पट्ट्यांवरून खोकी सरकल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"ही बाजू चुकीची आहे," जरा वेळाने पैलवान म्हणाला. "वारा तोंडावर येतो, तुझा आवाज मागेच जातो. बसथांब्यापाशी उभं राहायला हवं. तिथे ते थांबतात तरी."

"पहारेकरी इथेच राहा म्हणतो."

"पहारेकऱ्याचं मी बघतो," पैलवान म्हणाला आणि बसथांब्याकडे चालू लागला.